त्र्याण्णव मोटरी आणि तुझा नंबर

दादा, तुझा फोन अजून वाजतो.

तुझा मोटरींचा फोन म्हणतेय मी, तो बटणांचा, कोपरा फुटलेला. वरकुट्यात सकाळी शेतीची थ्री फेज लाइट आली की त्याची सुरुवात होते. पहिली बहुतेक ज्ञानदेव आबांची मोटर, मग ओढ्यापलीकडच्या दोन, मग सगळ्याच एकामागोमाग. उचलला की तीच ती बाई त्याच सुरात सांगते, "मोटर चालू झाली आहे." लाइट गेली की तीच सांगते, मोटर बंद झाली आहे. तू होतास तेव्हा वहिनी म्हणायची, ह्यांना दिवसातनं साठ वेळा एकाच बाईचा फोन येतो आणि मला मेलीला काही बोलताही येत नाही. आता ती तो फोन भिंतीतल्या देवळीत चार्जिंगला लावून ठेवते. वाजला की हात पुसून येते, उचलते, बाईचं सगळं बोलणं ऐकून घेते आणि परत ठेवते. मी एकदा म्हटलं, आवाज बंद करून ठेवू का. तर म्हणाली, "वाजू दे. घरात माणूस असल्यावानी वाटतं."

हे लिहितेय ते त्या फोनसाठीच. तू कधी जन्मलास, इंदापुरात दुकान कधी टाकलंस, कुठल्या कुठल्या मंडळात होतास, हे सगळं फ्लेक्सवर छापून झालं. फ्लेक्सवरचा फोटो तुला आवडला नसता. त्यात तू केस विंचरलेला आहेस.

दहाव्याला काय झालं ते मात्र सांगते, कारण तूच सगळ्यांत जास्त हसला असतास. नदीवर पिंड ठेवलेला, माणसं उन्हात उभी, आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता. मामा म्हणाले, कुणीतरी काहीतरी कबूल करा, त्याचं मन अडकलंय. मग लोकांनी कबूल करायला सुरुवात केली. दुकानाचं बघतो म्हणून झालं, शेताचं बघतो म्हणून झालं, वहिनीला अंतर देणार नाही म्हणून झालं. कावळा जागचा हलेना. तेवढ्यात वहिनीच्या पिशवीत तुझा फोन वाजला, आणि घाटावरच्या निम्म्या माणसांनी आपापले खिसे चाचपले, कारण लाइट आली होती आणि मोटरी फोनवरूनच चालू करायच्या असतात. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी पुढं होऊन हात जोडले आणि म्हटलं, "दादा, तुझ्या मोटरींचं मी बघते." कावळा शिवला. ऊन बरंच चढलं होतं, त्यालाही भूक लागली असेल. पण माझा शब्द सगळ्यांनी ऐकला होता आणि आता मागं फिरायची सोय नव्हती.

मोटरींचं बघायचं म्हणजे काय, ते वहिनीला मी देवळीसमोर बसून समजावलं. स्टार्टरच्या खोक्यात सिमकार्ड असतं. शेतकरी घरबसल्या त्याला पिन घालून मेसेज टाकतो आणि रानातली मोटर सुरू होते. त्या प्रत्येक खोक्याला एक मुख्य नंबर लागतो, आणि खोकं त्या नंबराचं सगळं ऐकतं. चालू हो म्हटलं की पिनशिवाय होतं, जुना पिन दिला की पिन आणि नंबरही बदलतं, आणि काय केलं ते उलटा फोन करून त्याच नंबराला सांगतं. तू खोकं बसवताना दरवेळी मुख्य नंबर म्हणून स्वतःचा घातलास, म्हणजे काही बिघडलं तर दुकानात बसून बघता यावं. तुझ्या वहीत अशी त्र्याण्णव नावं आहेत, पुढं खोक्यातल्या सिमचा नंबर. आता तू नाहीस. आज ना उद्या हे सिम बंद पडणार, आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी देते. तो माणूस नागपूरचा असेल नाहीतर नाशिकचा. त्याला एका अनोळखी बाईचे दिवसाला साठ फोन येतील. तो वैतागून काहीतरी दाबेल, किंवा डोकेबाज असला तर समजून उमजून दाबेल. आणि त्या वेळी इथं कुठल्यातरी विहिरीत कुणीतरी मोटरीवर वाकलेलं असेल.

वहिनीनं सगळं नीट ऐकलं. "म्हंजे समद्या मोटरींतनं तू त्यांचा नंबर काढणार."

"काढावा लागेल."

"मग ह्यो वाजायचा बंद हुईल."

दोन दिवस तिनं फोन दिला नाही, मीही मागितला नाही. तिसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून चार्जरसकट माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "एकदम नगं काढूस. थोडं थोडं काढ." संध्याकाळी परत आणून द्यायचा, अशी अट घातली.

तुझं-माझं भांडण याच गोष्टीवरून होतं, आणि ते नऊ वर्षं चाललं. मी बारामतीच्या एमआयडीसीत आहे. आमच्या कारखान्यातली यंत्रं ज्या कंट्रोलरवर चालतात त्यांत बाहेरचं कुणी शिरू नये, हे बघणं माझं काम. कुणाला कुठला पासवर्ड दिलाय, ठेकेदारानं आपला लॅपटॉप कुठं जोडला, सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद झालं का. तू लोकांना सांगायचास, "आमची नंदा कुलपं इकती. कंपनीला इकती म्हणून पगार बरा हाय."

आणि तुझ्या त्र्याण्णव मोटरींचा पिन एकच, खोक्याबरोबर येतो तो. एक दोन तीन चार. मी म्हणायचे, दादा, अरे हा पिन शेंबड्या पोराला ठाऊक असतो. तू म्हणायचास, पिन बदलला की माणूस उसात उभा राहून मला फोन करतो आणि विचारतो, पिन काय ठेवला होता. मी त्याला पिन सांगत बसू का मोटर दुरुस्त करू? मग तुझा ठरलेला मुद्दा यायचा. कुणाची पाइपलाइन फुटली आणि मालक बारामतीला दवाखान्यात असला, तर जो पहिला बघेल त्याला मोटर बंद करता आली पाहिजे. "तुझ्या कंपनीच्या दाराला वॉचमन हाय. हितं विहिरीला दारच न्हाय. हितं शेजारीच वॉचमन." मी म्हणायचे, आणि त्या शेजाऱ्याशी वैर असलं तर? तू म्हणायचास, वैरी असला तरी वाया जाणारं पाणी बघवत नाही, तो बंदच करतो.

यातलं अर्धं बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. आमच्याकडे प्रत्येक यंत्राजवळ एक लाल बटण असतं. ते दाबून यंत्र थांबवायला पासवर्ड लागत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींनाही ते दाबता येतं, आणि यायलाच हवं. चालू करायला कुलूप, बंद करायला मोकळीक, हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवते. तू तेच म्हणत होतास, फक्त कुलपाचा भाग गाळून. नऊ वर्षांत मी हे एकदाही कबूल केलं नाही, कारण कबूल केलं असतं तर तू ते इंदापूरभर सांगत सुटला असतास.

आता ती दुसरी गोष्ट, जी आपल्या दोघांतच राहिली.

चार वर्षांपूर्वीचा रविवार, सकाळचे अकरा. मी बारामतीजवळ जळोचीला घरी मटकी निवडत होते आणि फोन स्पीकरवर ठेवला होता. आपलं तेच चाललं होतं. तू म्हणालास, "कोण येतंय हितं आमच्या मोटरी चालू कराय?" तुझ्या आवाजात ते हसू होतं, समोरच्याला येडं ठरवणारं, आणि मला राग आला. तुझ्या वहीचे फोटो माझ्याकडे होते. वही हरवली तर असावेत म्हणून तूच दिले होतेस. त्यात पहिलं नाव ज्ञानदेव आबांचं. मी त्यांच्या खोक्याला एक दोन तीन चार घालून मेसेज टाकला आणि म्हटलं, "मी येतेय. बघ." तुझ्या बटणांच्या फोनवर ती बाई बोलली, मला इथं ऐकू आलं.

तू हसला नाहीस. "कुणाची केलीस?" म्हणालास. मी नाव सांगितलं. "बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर." मी बंद केली.

आबा विहिरीत होते. त्यांची मोटर आणि पंप विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेला. ते खाली उतरून दोन्हींच्या मधल्या कपलिंगचं रबर बदलत होते. ते रबर सकाळी तूच त्यांना आणून दिलं होतंस, म्हणून तुला लगेच कळलं. खोक्यावरनं मोटर बंद असली म्हणजे बंदच, हा गावचा हिशेब. वर चढून मेन स्विच काढायला कोण जातं? मोटर फिरली तेव्हा आबा पान्हा घ्यायला मागं वळले होते. खांद्यावरचा टॉवेल कपलिंगनं ओढून घेतला, मानेला हिसका बसला आणि ते कट्ट्यावर आडवे झाले. टॉवेलाच्या चिंध्या झाल्या, हात वाचले. एवढं तू मला दुपारी सांगितलंस, आणि सांगताना तुला दम लागला होता.

जमलेल्या लोकांना तू सांगून टाकलं होतंस की तुझ्याच फोनवरून चुकून मेसेज गेला. मी म्हटलं, मी येते आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगते. तू म्हणालास, "नगं. तू कंपनीत लोकांस्नी ह्येच शिकवतीस. माझं काय, लोक दोन शिव्या देत्याल आन मोटर बिघडली की परत मलाच बोलावत्याल." मी तुझं ऐकलं. ऐकायला मला सोपं गेलं, हेही लिहिते. दुसऱ्या दिवशी कंपनीत नव्या लोकांचा वर्ग होता. यंत्राला हात लावण्याआधी वीज तोडायची, तिला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असं मी त्यांना शिकवलं आणि माझा आवाजसुद्धा कापला नाही.

त्यानंतर तुला ती सवय लागली. कुठल्याही विहिरीवर गेलास की काठावर हात टेकून आत वाकायचास आणि ओरडायचास, "हाय का कोण?" मग मनात दहापर्यंत मोजायचास आणि मगच खोक्याला हात लावायचास. पाणी काठोकाठ असलं, आत माणूस असणं शक्यच नसलं, तरी ओरडायचास. गावाला ती एक गंमत होती. लग्नात बूट हरवले तरी पोरं विहिरीत ओरडल्यासारखं करून तुझी नक्कल करायची. तू पण हसायचास त्यांच्यात. त्या रविवारबद्दल आपण परत कधी बोललो नाही. मला बोलायचं होतं, दादा. दर दिवाळीला वाटायचं, आज म्हणू, आणि मग पिनवरून भांडण सुरू व्हायचं आणि तेच बरं वाटायचं.

तर मी तुझी वही आणि तुझा फोन घेऊन निघाले. शनिवार-रविवार जळोचीहून स्कूटीवर यायचे. खरं म्हणजे ओट्यावर बसून तुझ्या फोनवरून त्र्याण्णव मेसेज टाकले असते तर एका दिवसात काम उरकलं असतं. पण घरात बसून मोटरीला मेसेज टाकणं मला आता या जन्मात जमणार नाही. प्रत्येक विहिरीवर गेले. आत वाकले. पहिल्यांदा ओरडताना लाज वाटली. दुसऱ्या विहिरीपासून नीट ओरडायला लागले.

पहिली विहीर तुझ्या बबनरावांची, शाळेत तुझ्या शेजारी बसायचे ते. मी तुझ्या फोनवरून पिन टाकला, एक दोन तीन चार. खोक्यानं उलट कळवलं, पिन चुकीचा. परत टाकला, परत चुकीचा. बबनराव बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "ताई, गट नंबर टाका की."

"कसला गट नंबर?"

"माझ्या रानाचा. तुमच्या दत्तूनं समद्यांचं तसंच करून दिलंय. ज्येचं रान त्येचा गट. तीन आकडी आसला तर फुडं शून्य."

मी विचारलं, हे कधी केलं. त्यांनी आठवून सांगितलं, आबांचा टॉवेल मोटरीत गेला त्यानंतरच्या आठवड्यात. तू सायकलवर सगळी रानं फिरला होतास, कारण गाडी तेव्हा नेमकी गॅरेजला होती.

म्हणजे तू पिन बदलले होतेस. त्र्याण्णवच्या त्र्याण्णव. आणि पुढची चार वर्षं तू माझ्याशी एक दोन तीन चारवरून भांडत राहिलास, प्रत्येक दिवाळीला, तोंडावरची रेघ न हलवता. बांधावर बसून मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही. मग माझ्यातली कुलूपवाली जागी झाली. दादा, गट नंबर सातबाऱ्यावर असतो. सातबारा आता कुणालाही मोबाइलवर बघता येतो. हे कुलूप घालून किल्ली चावडीवर टांगल्यासारखं झालं. मी हे बबनरावांना म्हटलं, तर ते म्हणाले, शेजाऱ्याला शेजाऱ्याचा गट पाठ असतो, म्हणूनच तर तो ठेवला. अडीनडीला बंद करायला येतं, आणि मालकाला विसरता येत नाही. इथं माणूस पोराची जन्मतारीख विसरेल, गट नंबर विसरणार नाही. तू माझं अर्धं आणि तुझं अर्धं घेऊन मधेच कुठंतरी बांध घातला होतास. ते चुकीचं होतं, आणि मला ते फार आवडलं.

मग हे दर शनिवार-रविवारचं काम झालं. गट नंबर टाकायचा, तुझा नंबर काढायचा, त्यांचा घालायचा, आणि पिन त्यांनी नवा ठेवायचा. पुष्कळ जण म्हणाले, ताई, मुख्य नंबर तुमचाच घाला, आम्हाला कशाला कटकट. तू याच बोलण्याला भुलला होतास, मला आता समजलं. मी कुणाचंच ऐकलं नाही. ज्याची मोटर त्याचा नंबर. एका बाईनं नवऱ्याला बाजूला सारून स्वतःचा नंबर घालायला लावला. पाणी मी देते, हा नुसता चौकात असतो, म्हणाली. नवरा मान खाली घालून हसला. तिथं मला दोन भाकऱ्या आणि ठेचा मिळाला.

इकडे घरी फोन कमी वाजायला लागला. संध्याकाळी मी तो परत द्यायचे तेव्हा वहिनी मला काही विचारायची नाही. रविवारी भेटलो की आठवड्यातलं सांगायची. दिवसाला तीस वाजले, मग वीस. एकदा नुसतं म्हणाली, "आज सातच." त्या दिवशी मला घरी जाताना स्कूटी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

आबांचं नाव वहीत पहिलं होतं, पण मी त्यांना शेवटाला ठेवलं. आपली स्वतःची विहीर सोडली तर तेवढेच राहिले होते. ते विहिरीजवळच्या खोलीपुढं तंबाखू मळत बसले होते. मी आत वाकून ओरडले तसं म्हणाले, तू पण भावाच्या वळणावर गेलीस होय. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. त्या दिवशी मोटर दादानं चालू केली नव्हती, मी केली होती, जळोचीत बसून.

आबा तंबाखू मळतच राहिले. मान वर न करता म्हणाले, "कशापायी?"

"तुमच्या मोटरीला कुलूप नाही, हे दादाला दाखवायला."

"मग दिसलं का त्येला?"

"दिसलं."

त्यांनी तंबाखू टाकून दिली, उठले आणि खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा हातात टॉवेल होते, चार, घडीसुद्धा न मोडलेले. म्हणाले, "दर पाडव्याला एक आणून द्यायचा. मला वाटायचं ह्यो येडा झालाय, दुकान मोटरीचं आन वाटतुय टॉवेल. घ्यायचो, पर एक बी वापरला न्हाय." मग टॉवेल ओट्यावर ठेवले. "त्या दिसापास्नं मी त्येला कधी बस म्हणलो न्हाय बघ. चार वर्सं. हुबा ऱ्हाऊन द्यायचा आन जायचा."

मी म्हटलं, आबा, चूक माझी होती.

"व्हय, तुझीच," आबा म्हणाले. त्यांनी माझी समजूत घातली नाही, आणि ते बरं झालं. मी तुझा नंबर काढला, त्यांचा घातला. नवा पिन ठेवायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "तिकडं तोंड कर." मी तोंड फिरवून उसाकडे बघत उभी राहिले. सगळ्या गावात एवढं नीट कुलूप एकट्या आबांनी घातलं. मग त्यांनी वरचा टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "बस. चहा टाकतुय."

मी बसले आणि प्याले. तो चहा तुला मिळायला हवा होता, दादा. मी एक वाक्य बोलले असते तर चार पाडवे तू त्या ओट्यावर बसून तो प्याला असतास. माझी नोकरी वाचली, माझं नाव वाचलं, आणि तू त्या दारात उभा राहिलास. तुझे आभार मानायचे आहेत आणि तुझ्याशी कडाडून भांडायचंही आहे, आणि दोन्हींसाठी तू जागेवर नाहीस. आता हे गावात सगळ्यांना कळेल, कारण आबांच्या पोटात काही राहत नाही. कंपनीतही मी नव्या लोकांना ही गोष्ट सांगायचं ठरवलंय, माझ्या नावासकट. पहिला वर्ग पुढच्या सोमवारी आहे.

राहिली आपली विहीर. त्या रविवारी वहिनी माझ्याबरोबर आली. स्वतःचा फोन तिनं पदराच्या टोकाला बांधून आणला होता. मी तुझ्या फोनवरून आपला गट नंबर टाकला, पुढं शून्य लावून. चुकीचा. शून्य मागं लावून बघितलं. चुकीचा. आपले वडील गेले ते साल टाकलं, तेही नाही. तुझ्या डोक्यात काय असेल याचा विचार करत मी काठावर बसले, आणि मग एकाएकी लक्षात आलं. एक दोन तीन चार. खोकं लगेच उघडलं.

सगळ्या गावाचे पिन बदलून स्वतःचा तेवढा तसाच ठेवलास. मी हसायला लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. वहिनी घाबरली. तिला सांगितलं, तर म्हणाली, "मी इचारलं व्हतं त्यांस्नी. म्हणले, आपल्या मोटरीत कोण येतंय. आली तर नंदाच यील." दादा, हे तू चेष्टेत म्हणालास का खरंच, ते आता कुणाला विचारू?

तुझा नंबर काढला. वहिनीचा घातला. पिन ठेवताना मी तिच्याकडे पाठ केली. बराच वेळ लागला तिला, पण विचारलं नाही काही. वळले तेव्हा ती फोन हातात धरून विहिरीकडे बघत होती. मी म्हटलं, आता चालू कर. तिनं मान हलवली. पदर खोचला, काठावर दोन्ही हात टेकले आणि आत वाकली. तिचा मोठा आवाज मी आजवर ऐकलेला नव्हता, तूही ऐकला नसशील.

"हाय का कोण?"

विहिरीनं तो परत दिला. मी मनात दहापर्यंत मोजलं. ती वाकलेलीच. मी पुढं मोजत गेले, वीस झाले, तीस झाले. ती तशीच आत बघत उभी होती, कान देऊन.

"न्हाय कोण," ती म्हणाली, आणि मोटर चालू केली.

पाइपातून पाणी यायला लागलं आणि फोन वाजला, तिच्या हातातला. तिनं तो कानाला लावला आणि बाईचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. तुझा माझ्या पिशवीत होता. तो वाजला नाही.